युरोपात संत्र्याच्या मागे मागे: आइंडहोवन ते अथेन्स

शुक्रवार, आइंडहोवन (नेदरलंड्स)

आईबाबा काल रात्री पोचले. वरुडजवळ आमची संत्र्याची बाग आहे, मृग बहाराचा (पावसाळ्यात फुललेला) माल मार्चमध्येच व्यापाऱ्यानं उचलला, आंबियाची (फेब्रुवारीत फुललेली) फळं आत्ताशी गोटीएवढी, पाण्याचं चुलतभाऊ बघतोय, तर आत्ता नाही आलात तर कधीच येणार नाही असं म्हणून मी अक्षरशः ओढून आणलं दोघांना. बाबांची एकच अट होती, नुसती चर्चं आन् म्युझियमं दाखवू नको.

सकाळी दूध आणायला सुपरमार्केटात नेलं तर बाबा थेट फळांकडे. दोन ढीग होते. एकावर पाटी पेर्स-सिनासापलन, दुसऱ्यावर हांड-सिनासापलन. म्हणजे एक दाबून रस काढायचा आणि एक हातानं सोलून खायचा. बाबांनी एक उचललं, नख लावून बघितलं, वास घेतला. "हे तं मोसंबी हाय. संत्रा कुटं हाय वं?"

आणि ते बरोबरच आहे. युरोपवाले ज्याला ऑरेंज म्हणतात ते म्हणजे आपल्या मोसंबीच्या घरातलं फळ, साल घट्ट चिकटलेली. नागपुरी संत्रा तिकडच्या हिशेबात मंडारिन, सैल सालीचा. मग पुढचे सगळे दिवस आमच्यात हा शब्दांचा घोळ राहिला, मी ऑरेंजला संत्रं म्हणायचे आणि बाबा दर वेळी "मोसंबी" म्हणून दुरुस्त करायचे. या लेखात मी सवयीनं संत्रंच लिहिणार आहे, बाबांनी वाचलं तर बोलतील.

तर सिनासापल. सिना म्हणजे चीन, आपल म्हणजे सफरचंद. चीनचं सफरचंद! आणि रंगाला मात्र डच लोक ओरान्ये म्हणतात. फळाला एक शब्द, त्या फळाच्याच रंगाला भलताच दुसरा. रशियनमध्येही असंच, फळ अपिल्सिन आणि रंग ओरांझेवी. दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर सहज विचारलं की तुमच्याकडे काय म्हणतात, तर कामं सोडून सगळे तुटून पडले. स्वीडनचा म्हणाला अपेल्सिन, फिनलंडची म्हणाली अपेल्सीनी, हे सगळे डचांचेच चुलतभाऊ, तोच चीनचा सफरचंद उलटा करून. पोलंडची म्हणाली पोमारांच्चा. हंगेरीचा म्हणाला नारांच. आमचा रोमानियन टीम लीड म्हणाला पोर्तोकाला. पोर्तुगाल? हो पोर्तुगाल.

नारांच ऐकल्यावर मला एकदम नारिंग आठवलं आणि मग काय, पुढच्या ट्रिपचा विषय ठरून गेला. तिकिटं आधीच काढलेली होती, फक्त प्रत्येक गावात काय विचारायचं ते ठरलं.

शनिवार, कोलोन

आइंडहोवनहून जर्मनी जवळच. कथेड्रल बघितलं, बाबा बाहेर बाकावर बसले, आई आत मेणबत्ती लावून आली.

बाजारात फळवाल्याच्या पाटीवर ओरांगन लिहिलं होतं, पण माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजीबाई आप्फेलझीनन मागत होत्या, आणि फळवाल्यानं काही न बोलता तेच पिशवीत टाकलं. जर्मनीत हे दोन्ही चालतं. उत्तरेकडे आप्फेलझीन (पुन्हा चीनचं सफरचंद, हॉलंडच्या बाजूनं बंदरांतून आलेलं), दक्षिणेकडे आणि ऑस्ट्रियात ओरांज. आता पाटीवर, डब्यावर सगळीकडे ओरांज पसरत चाललंय असं दिसतं. रसाला तर सरळ ओ-झाफ्ट म्हणतात, म्हणजे वादच मिटला.

पण जर्मनमध्ये तिसरा शब्दही आहे, पोमेरांत्से. तो फक्त कडू संत्र्याला. इथे मला पहिल्यांदा गोष्ट नीट लागली. युरोपात संत्रं एकदा नाही, दोनदा आलं. आधी कडू संत्रं, जे अरबांनी सिसिली आणि स्पेनमध्ये लावलं, दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास. त्याच्याबरोबर शब्दही आला, संस्कृत नारंग, पर्शियन नारंग, अरबी नारंज. मग कित्येक शतकांनी, पंधराव्या-सोळाव्या शतकात, गोड संत्रं आलं, इटलीतल्या जिनोव्हाच्या आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून. आता प्रश्न पडला की या नव्या गोड फळाला म्हणायचं काय. काहींनी जुनाच शब्द पुढे चालवला, काहींनी जुना शब्द कडूला ठेवला आणि गोडाला नवीन नाव दिलं. जर्मन दुसऱ्या गटातले. पोमेरांत्सेचीच बहीण असलेला पोमारांच्चा पोलिश लोकांनी, पोमेरांच चेक लोकांनी, गोडासाठी वापरला. एकच शब्द, नदी ओलांडली की कडूचा गोड.

गंमत म्हणजे पोमेरांत्सेमध्ये पोमो म्हणजे सफरचंद आणि आरांचा म्हणजे संत्रं. युरोपियन माणसाला नवीन गोल फळ दिसलं की आधी सफरचंदच म्हणायचं, हे बहुतेक त्यांच्या रक्तातच आहे. बटाट्यालाही फ्रेंच आणि डच लोक जमिनीतलं सफरचंद म्हणतात! आणि जर्मनमध्ये खेड्यातून आलेल्या, शहरी रीतभात नसलेल्या मुलीला चेष्टेनं लांड-पोमेरांत्से म्हणतात, गावाकडचं कडू संत्रं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग तं मी तेच."

संध्याकाळी फरीनाच्या दुकानासमोरून गेलो, तेच १७०९ पासूनचं ओ दि कोलोन. त्यात नेरोली असतं, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल. आईनं मनगटावर थोडं लावून घेतलं आणि म्हणाली, हे आपल्या बागेसारखं येते, फेब्रुवारीतलं. आंबियाचा फुलोरा. बाबांनी पण वास घेतला, काही बोलले नाहीत पण दोनदा घेतला.

रविवार

पूर्ण दिवस ट्रेन. ब्रसेल्सला गाडी बदलून टीजीव्हीनं आव्हिन्यों. डब्यात आईनं केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, ओरांज

हो, या नावाचं खरंच गाव आहे. आव्हिन्योंहून लोकल ट्रेननं थोडंसंच अंतर. मी बाबांना सांगितलं की गावाचं नावच संत्रा आहे, तर ते सकाळपासून हुशारीत. स्टेशनातून बाहेर आलो, चालत गेलो, प्लेन नावाची मोठी झाडं, द्राक्षांचं गाव, मिस्त्राल नावाचा गार वारा भणाणतोय, आणि संत्र्याचं एक झाड नाही! बाबांनी एका कुंडीत शोधून काढलं शेवटी, एका हॉटेलच्या दारात, तेही बिचारं काचेच्या आडोशाला.

मग खरी भानगड सांगितली. या गावाच्या नावाचा फळाशी काहीही संबंध नाही. रोमन काळात, त्याच्याही आधी, गावाचं नाव अरौसिओ, एका केल्टिक जलदेवतेचं नाव. इ.स.पूर्व १०५ मध्ये इथेच रोमन सैन्याचा मोठा पराभव झालेला. अरौसिओ झिजत झिजत ओरेंजा, ओरांज झालं. तिकडून नारंज, दक्षिणेकडून चालत चालत फ्रेंचमध्ये आलं, सुरुवातीचा न पडला, आणि फ्रेंचमध्ये ओर म्हणजे सोनं, त्या सोन्याच्या ओढीनं आ चा ओ झाला. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच उच्चाराला येऊन थांबले, निव्वळ योगायोग.

पण योगायोगाचे परिणाम बघा. १५४४ मध्ये या छोट्या संस्थानाची गादी ११ वर्षांच्या एका मुलाला वारसाहक्कानं मिळाली, चुलतभाऊ लढाईत गेला म्हणून. तो मुलगा म्हणजे विलेम, पुढे स्पेनविरुद्ध डचांचं बंड चालवणारा ओरांजचा विलेम. म्हणून डच राजघराणं ओरान्ये. म्हणून डच फुटबॉल टीमचा शर्ट केशरी. म्हणून २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी अख्खं हॉलंड नारिंगी कपडे घालून रस्त्यावर. आयर्लंडच्या झेंड्यातला नारिंगी पट्टापण याच घराण्यातल्या पुढच्या एका विलेममुळे, इंग्लंडचा तिसरा विल्यम तो. गाव स्वतः १७१३ च्या तहात फ्रान्सला गेलं, पदवी मात्र डचांकडे राहिली, आजची त्यांची युवराज्ञीही ओरान्येची राजकन्या म्हणवते. एका जलदेवतेच्या नावावर संत्र्याचा रंग चढला आणि तो देशाचा रंग झाला, आणि त्या देशात संत्र्याला मात्र म्हणतात चीनचं सफरचंद. मला तर हे सगळ्यात भारी वाटलं. बाबांना नाही वाटलं. ते म्हणाले, "मंग इकडे आनलं कायले?"

रोमन थिएटर मात्र आवडलं त्यांना. स्टेजमागची भिंत १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच, अजून उभी. बराच वेळ ते दगडांचे सांधे बघत होते.

मंगळवार-बुधवार, बार्सिलोनामार्गे सेव्हिया (सेव्हिल)

मंगळवारी रात्री बार्सिलोनात मुक्काम. कॅफेच्या फळ्यावर सुक दे तारोंजा. कॅटलान भाषेत न चा त झालाय, तारोंजा. तिथून दुसऱ्या दिवशी गाडीनं खाली उतरलो की तोच शब्द नारांखा. स्पॅनिश लोकांनी सुरुवातीचा न सांभाळून ठेवलाय, आपल्या नारिंगाच्या सगळ्यात जवळचा वेश त्यांच्याकडे (आणि हंगेरियन, क्रोएशियन लोकांकडे, तिकडे नारांच, नारांचा). इटालियन आणि फ्रेंचांनी न घालवला कारण त्यांना वाटलं तो आधीच्या एक या अर्थाच्या उन, युन मधलाच आहे, म्हणजे उन नारांचा चं उन आरांचा.

कोर्दोबा गेल्यावर ग्वादलकिवीर नदीचं खोरं लागतं आणि मग दोन्ही बाजूला बागाच बागा. बाबा खिडकीला नाक लावून. ओळी किती अंतरावर, ठिबक आहे का, झाडं बुटकी कशी ठेवलीत, छाटणी कधी करत असतील, सगळे प्रश्न मला. मला काय माहिती. मी डेटा इंजिनियर आहे.

गुरुवार, सेव्हिया

या शहरात रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं आहेत, ४० हजारांच्या वर. खरोखर रस्त्याच्या कडेला, आपल्याकडे गुलमोहर असावेत तशी. फळं बहुतेक काढून झालेली, पण फुलोरा शेवटचा शेवटचा होता आणि गल्लीत शिरलं की वास अंगावर येत होता. फुलाला इथे आसाआर म्हणतात, तेही अरबी, अझ-झहर म्हणजे फूल.

बाबांनी एका झाडावर चुकून राहिलेलं एक फळ हेरलं, खाली पडलेलं नाही, झाडावरचं. मी नको नको म्हणेपर्यंत तोडलं, सोललं आणि एक फोड तोंडात. त्यांचा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे हसायला लागले. कडूजहर! हेच ते कडू संत्रं, अरबांनी आणलेलं मूळ नारंज. इथले लोक खात नाहीत, शोभेला लावतात. बराच माल इंग्लंडला जातो मार्मालेडसाठी. २०२१ मध्ये इथल्या पाणीपुरवठा कंपनीनं पडलेल्या फळांचा रस कुजवून त्याच्या गॅसवर वीज काढायचा प्रयोगपण केला होता. बाबांना तो प्रयोग पटला. आमच्याकडे भाव पडला की माल रस्त्यावर ओतायची वेळ येते, वीज तरी निघंल म्हणाले.

कथेड्रलमधलं पातिओ दे लोस नारांखोस हे मात्र बघाच. संत्र्यांचं अंगण. आधी इथे बाराव्या शतकातली मशीद होती, तिचं हे अंगण, वजू करायचं. झाडं एका ओळीत, प्रत्येक झाडाभोवती विटांनी बांधलेलं आळं, आणि आळ्यातून आळ्यात पाणी नेणारे बारीक पाट. बाबा खाली वाकून बोटानं पाटाचा उतार बघत होते. "बारं कसं देते पायलं का? आपल्याच सारकं." गाईडचं पोट्टं इंग्लिशमध्ये काहीतरी सांगत होतं, त्यापेक्षा बाबांनी आईला मराठीत जास्त चांगलं समजावलं.

इथे एक शब्द बाबांना आधीच माहीत निघाला. ट्रिस्टेझा. आमच्याकडे कृषी अधिकारी, लिंबूवर्गीय संशोधन केंद्रातले लोक व्याख्यानात सांगतात तो संत्र्यावरचा व्हायरस. बाबा तो शब्द वर्षानुवर्षं वापरतात, डिंक्या, कोळशी, ट्रिस्टेझा असा एका दमात. मी सांगितलं की स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ दुःख, उदासी. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात झाडं अशी मलूल होऊन मरायला लागली तेव्हा शेतकऱ्यांनी ठेवलेलं नाव. स्पेनमध्ये तो १९५७ मध्ये आढळला आणि पुढे कोट्यवधी झाडं गेली, कारण सगळी कलमं याच कडू संत्र्याच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या रोपावर) बांधलेली होती आणि त्या खुंटावर हा रोग झाड मारतो. मग खुंटच बदलावा लागला. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, नाव बराबर ठेवलं.

रात्री टापासच्या हॉटेलात वेटरनं आईबाबांकडे बघून काहीतरी मेदिया नारांखा असं म्हटलं. मेदिया नारांखा म्हणजे अर्धं संत्रं, म्हणजे आयुष्याचा जोडीदार, आपली अर्धांगिनी. आईला अर्थ सांगितला तर म्हणाली, "कोनतं अर्धं? थे कडू का गोड?" बाबा मेन्यू वाचत राहिले. मेन्यू स्पॅनिशमध्ये होता.

शुक्रवार, बस

सेव्हियाहून लिस्बनला सरळ ट्रेन नाही, बसच. उएल्वाकडे प्लास्टिकच्या बोगद्यांत स्ट्रॉबेरी, नजर पोचेल तिथवर. मग ग्वादियाना नदीचा पूल, नदीच्या मध्यावर देश बदलतो, घड्याळ एक तास मागे जातं आणि नारांखाचा लारांजा होतो. पहिल्याच पेट्रोल पंपावर जाळीच्या पिशव्या लटकवलेल्या, लारांजा दो अल्गार्व्ह, हा अल्गार्व्ह म्हणजे पोर्तुगालचा संत्रापट्टा. आई म्हणाली त्यांच्यापेक्षा यांची गोड आहेत, आणि मलाही तसंच वाटलं.

शनिवार, लिस्बन

तर हे ते पोर्तुगाल, ज्याच्या नावानं अर्धं जग संत्रं खातं. आणि इथल्या माणसाला विचारलं की लारांजा. न चा ल, बाकी सगळं नारंजच. यांना नवीन नावाची गरजच पडली नाही, कारण कडू संत्र्याबरोबर अरबी शब्द यांच्याकडे आधीच रुजलेला होता, गोड फळ आलं तसं त्याच नावात बसवलं. नवीन नाव त्यांनी ठेवलं ज्यांनी ते यांच्याकडून विकत घेतलं.

गोड संत्रं वास्को द गामानं आणलं असं सगळीकडे ठोकून दिलेलं असतं. एवढं सरळ नसावं, भूमध्य समुद्रात इटालियन व्यापाऱ्यांमार्फत ते त्याच सुमाराला यायला लागलं होतं. पण चांगली जात आणून मोठ्या प्रमाणावर लावून विकली ती पोर्तुगीजांनी, आणि नाव नेहमी विकणाऱ्याचं होतं, पिकवणाऱ्याचं नाही. हे मी म्हणत नाहीये, हे बाबा म्हणाले, आणि ते नागपूरच्या कळमना मार्केटच्या अनुभवावरून म्हणत होते.

बेलेमला नदीकाठी जमिनीवर संगमरवरात जगाचा मोठा नकाशा आहे, लोक त्यावर फिरतात, फोटो काढतात. बाबांना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उभं केलं. "हे मोझांबिक." मग? मग मोसंबी! आपल्याकडे जे फळ मोसंबी म्हणून आलं त्याचं नाव याच मोझांबिकवरून, पोर्तुगीज जहाजांचा थांबा होता तो गोव्याच्या वाटेवर. म्हणजे बाल्कनवाले म्हणतात पोर्तुगाल, डच म्हणतात चीन, आपण म्हणतो मोझांबिक, आणि फळ बहुधा एकच, पपनस आणि मंडारिन यांच्या संकरातून आशियात झालेलं. जो ज्या दारातून आला त्या दाराचं नाव. बाबा नकाशावरून चालत चालत भारतापर्यंत आले आणि अंदाजानं वरुडवर उभे राहिले. आईनं फोटो काढला, त्यात फक्त बूट आलेत.

बाकी लिस्बनमध्ये मराठी माणसाला अर्ध्या वस्तू ओळखीच्याच वाटतात. बटाटा बटाटाच, अननस अननसच, काजू काजूच, किल्लीला चावी सारखंच काहीतरी, पावाला पाव. मार्मालेडचं मूळपण इथेच, मार्मेलो नावाच्या वेगळ्याच फळाची वडी, संत्र्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. ते पुढे इंग्रजांनी केलं.

रविवार, सिंत्रा

गर्दी, गर्दी, गर्दी. राजवाडा सुंदर, रंगीत. मी इथे आले ती एका गोष्टीसाठी, संत्रा हा शब्द या सिंत्रा गावावरून आला असं कितीतरी ठिकाणी वाचलंय. ऐकायला फारच गोड आहे. पण मला पटत नाही. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिलीये, त्यात नारंज वेगळं, संगतरा वेगळं, जंबेरी नावाचं लिंबूसुद्धा आहे. हे १५२० च्या दशकातलं, आणि बाबर काबूलकडून आलेला, गोव्याकडून नाही. पोर्तुगीज किनाऱ्यावर येऊन तेव्हा जेमतेम ३० वर्षं होत होती, तेवढ्यात त्यांच्या एका डोंगराळ गावाचं नाव आग्र्याच्या बाजारात पोचून रुळलं असेल? अवघड आहे. बाबांना या वादात काडीचा रस नव्हता पण जंबेरी ऐकून ते थांबले, कारण आमची सगळी कलमं जंबेरीच्याच खुंटावर आहेत. बाबराले मालूम होतं म्हन्तेस? हाव बाबा, मालूम होतं.

सोमवार-मंगळवार, नेपल्स

विमान लेट, सोमवार वायाच गेला. मंगळवारी पिन्यासेक्काच्या बाजारात. पाटीवर आरांचे, पण विकणारा ओरडत होता ते काहीतरी पुर्तुआल्ल असं. नेपल्सच्या बोलीत संत्रं म्हणजे पुर्तुआल्लो, पुन्हा पोर्तुगाल. लिहिताना प्रमाण इटालियन, ओरडताना घरची बोली, हे आम्हाला वऱ्हाडातल्यांना समजवायला नको.

इटालियनमध्ये फळ ती आरांचा, झाड तो आरांचो, रंग आरांचोने. आणि त्यावरून सिसिलीत एक भांडण आहे, भाताचे तळलेले गोळे असतात, संत्र्यासारखे दिसतात म्हणून नाव त्यावरून. पालेर्मोवाले म्हणतात ती आरांचिना, कातानियावाले म्हणतात तो आरांचिनो, आणि दोन्हीकडचे लोक मेले तरी माघार घेणार नाहीत. मी हे आईला सांगत होते तर ती म्हणाली, त्यात काय, तुझ्या पुण्याच्या रूममेटनं नाही का तुला हसून हसून हैराण केलं होतं? खरंच की. आमच्याकडे तो संत्रा, पुण्यात ते संत्रं, आणि चार वर्षं होस्टेलवर हा वाद चालला. कोण बरोबर ते सांगायची गरज नाही, बागा कोणाकडे आहेत ते बघा.

गोळा मात्र मस्त होता. आत वाटाणे. आईनं दुसरा घेतला.

बुधवार-गुरुवार, अथेन्स

बुधवारी संध्याकाळी उतरलो. हॉटेलच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना परत तीच झाडं, तोच वास. बाबांनी लांबूनच ओळखलं आणि या वेळी तोडलं नाही.

गुरुवारी सकाळी अक्रोपोलिस, ऊन वाढायच्या आत. मग बाजार. इथे सगळं एका जागी भेटलं. गोड संत्रं पोर्तोकाली. तोच शब्द शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हटला की नारिंगी रंग. आणि रस्त्यावरचं कडू संत्रं नेरांत्झी. नेरांत्झी म्हणजे आपलं नारंग, ग्रीकांनी अजून जपून ठेवलंय पण फक्त कडूसाठी. दोन लाटा, दोन शब्द, एकाच टेबलावर. इथून उत्तरेला आणि पूर्वेला जावं तसं पोर्तुगालच पोर्तुगाल, बल्गेरियात पोर्तोकाल, अल्बेनियात पोर्तोकाल, तुर्कस्तानात पोर्ताकाल, जॉर्जियात फोर्तोखाली, अरबीत बुर्तुकाल कारण अरबीत प नाही. आणि कहर म्हणजे इराण. ज्या पर्शियननं नारंग शब्द अख्ख्या युरोपला पुरवला तिथे आज गोड संत्रं म्हणजे पोर्तेघाल, आणि नारंगी म्हणजे छोटं मंडारिन. पण आपण तरी काय वेगळं केलं. शब्द आपल्याकडून निघाला असं आपण म्हणतो (त्याच्याही मागे तो बहुधा द्राविडी), आणि आज मराठीत नारिंग फळ म्हणून किती जण म्हणतात? उरला तो नारिंगी रंग. फळं सगळी संत्रा आणि मोसंबी होऊन गेली.

नेरांत्झी कच्चं असताना किंवा त्याची साल पाकात घालून बरणीत ठेवतात, ग्लिको म्हणतात, पाहुण्याला बशीत एक आणि गार पाणी. दुकानातल्या बाईंनी आईला चाखायला दिलं. आई म्हणाली कडूपणा पूर्ण गेला नाही पण म्हणूनच चांगलं लागते. दोन बरण्या घेतल्या.

शेवटी एका गाड्यावर बाबांना हवं ते सापडलं. सैल साल, पानासकट, हंगाम संपत आलेला त्यामुळे जरा मऊ पडलेली. पाटीवर मांदारीनिया. बाबांनी सोललं, फोडी मोजल्या, बिया मोजल्या, म्हणाले आंबट-गोड बराबर हाय, पन रस कमी. आणि मी आठवडाभर राखून ठेवलेला शब्द काढला. मंडारिन. चीनच्या बादशाही अंमलदारांना पोर्तुगीज मंदारिम म्हणायचे, त्यावरून फळाचं नाव. आणि मंदारिम त्यांनी घेतला मलय भाषेतल्या मेंतेरीवरून, आणि मेंतेरी म्हणजे आपला संस्कृत मंत्री. म्हणजे युरोपभर नागपुरी संत्र्याच्या भाऊबंदाला लोक मंत्रीच म्हणतायत.

बाबांनी हातातल्या फोडीकडे बघितलं. "म्हनून रस कमी हाय."

शुक्रवार

आईबाबा दोहामार्गे नागपूरला. बरण्या सामानात टाकल्या, हातात ठेवल्या असत्या तर गेल्या असत्या. मी परत आइंडहोवनला.

रात्री उशिरा बाबांचा व्हॉइस मेसेज आला. घरी पोचले, बाग ठीक आहे, दोन पाळ्या पाणी झालं. चौकात चारचौघांना सांगितलं म्हणे की ग्रीस देशात संत्र्याले मंत्री म्हनतात, तर कोणी मानायलाच तयार नाही, सगळे हसतात, तर थ्या पाटीचा फोटो पाठव लवकर. मी पाठवला. पाच मिनिटांनी परत मेसेज. "हे तं ग्रीकमदी लिवलं हाय वं. कोन वाचीन?"